आयर्लंडचं संगीत वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभरात कधी काय असतं, हे लक्षात कसं ठेवायचं?

कॅलेंडरवर बँक हॉलिडे शोधा. आयर्लंडमधल्या लोकप्रिय संगीताचं वर्ष त्यांच्याभोवतीच फिरतं. फेब्रुवारी, मे, जून आणि ऑगस्टचा पहिला सोमवार, ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार आणि १७ मार्च एवढ्या तारखा पाठ असल्या की अर्धं काम झालं. मेच्या सुट्टीला किलकेनी रूट्स फेस्टिवल असतो. जूनच्या सुट्टीला डब्लिनला किलमेनममध्ये फॉरबिडन फ्रूट, तर डोनेगॉलमधल्या बॅलीशॅननला रोरी गॅलहर या तिथे जन्मलेल्या गिटारवादकाच्या नावाचा महोत्सव भरतो. ऑगस्टच्या सुट्टीत वॉटरफर्डच्या करामोर इस्टेटवर ऑल टुगेदर नाऊ होतो आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत १९७८ पासून चालत आलेला कॉर्क जॅझ.

अडचण अशी की या शनिवार-रविवारी अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. तिकीट एक वेळ मिळून जातं, खोली मिळत नाही. म्हणून आधी झोपायची जागा बघा आणि मग तिकीट काढा. खोली घेताना फुकट रद्द करता येईल अशीच घ्या. हा क्रम उलटा केला की बॅलीशॅननच्या कार्यक्रमासाठी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या गावात राहायची वेळ येते. रात्री परतायला बस नसते आणि टॅक्सीही बोलावल्यावर लगेच येईल याचा भरवसा नाही.

जानेवारीत काहीच नसतं का?

मोठं काही नसतं, आणि आमच्या मते तेच बरं. ४ जानेवारी हा थिन लिझी या रॉक गटाचा गायक फिल लायनट याचा स्मृतिदिन. १९८६ मध्ये तो गेला, तेव्हापासून डब्लिनमध्ये दरवर्षी त्याच्या आठवणीची मैफल होते. ग्राफ्टन स्ट्रीटलगतच्या हॅरी स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे. महिन्याच्या शेवटी डब्लिनच्या टेंपल बार भागात ट्रॅडफेस्ट हा पारंपरिक संगीताचा महोत्सव असतो. एरवी पर्यटक ज्या इमारती बाहेरूनच पाहून परततात, त्यांतल्या काही ठिकाणी, सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्येसुद्धा, गाणं ऐकायला मिळतं. कॅथेड्रलमध्ये थंडी वाजते. कोट काढून ठेवायच्या भानगडीत पडू नका आणि आतून लोकरीचे मोजे घाला. आसनं बहुतेक वेळा क्रमांकाविना असतात, त्यामुळे अर्धा तास आधी पोचलात तर खांबामागे बसावं लागणार नाही.

चॉइस म्युझिक प्राइझचं एवढं कौतुक का?

त्यात आकडे मोजत नाहीत म्हणून. मागच्या वर्षात निघालेल्या आयरिश अल्बममधून परीक्षक दहा निवडतात. ही यादी साधारण जानेवारीत येते आणि मार्चमध्ये डब्लिनच्या विकर स्ट्रीट सभागृहात विजेता जाहीर होतो. बक्षीस १०,००० युरोंचं. उत्तर आयर्लंडचे कलाकारही यात धरले जातात. विक्री किंवा चार्टवरचा क्रमांक यांना इथे महत्त्व नाही, त्यामुळे निकाल बऱ्याचदा अनपेक्षित लागतो. २०१६ च्या अल्बमसाठी लिमरिकचा रुसांगानो फॅमिली हा हिपहॉप गट जिंकला. २०२० साठी डेनिस चायला, २०२२ साठी सीमॅट आणि २०२३ साठी लँकम.

आयरिश संगीतात नवखे असाल तर गेल्या पाच वर्षांच्या याद्या काढा आणि दर आठवड्याला एक अल्बम पूर्ण ऐका. वर्षभरात पन्नास होतात. तयार प्लेलिस्टमध्ये तीच ती दहा गाणी फिरत राहतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सेंट पॅट्रिक्स डेला गाणं ऐकायला डब्लिनला यावं का?

मिरवणूक पाहायला या. गाणं ऐकायला नको. १७ मार्चला दुपारनंतर मध्यवर्ती डब्लिनच्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि जे वाजतं ते माइक लावून, पर्यटकांसाठी. त्याऐवजी १ ते १७ मार्च हा आयरिश भाषेचा पंधरवडा गाठा. शाख्तिन ना गेल्गे या नावाने तो देशभर साजरा होतो आणि आयरिशमधून गाणाऱ्यांचे छोटे कार्यक्रम गावोगाव होतात. बेलफास्टच्या नीकॅप या गटाने आयरिशमधून रॅप करून ही भाषा तरुणांच्या तोंडी आणली. त्यांच्याआधीही ती गाण्यात होतीच, फक्त रेडिओवर ऐकू यायची नाही.

तिकिटं काढताना लोक कुठे फसतात?

बहुतेक जण पुनर्विक्रीत फसतात. आयर्लंडमध्ये ३१ जुलै २०२१ पासून कायदा आहे: १,००० किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या, सरकारने नेमून दिलेल्या जागांमधल्या कार्यक्रमाचं तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणं गुन्हा आहे. शिक्षा १ लाख युरोपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे व्हॉट्सॲप गटात कोणी शंभरचं तिकीट दोनशेला देत असेल तर भावाची घासाघीस करू नका, सरळ नाही म्हणा. बऱ्याचदा अशी तिकिटं नसतातच. एकच क्यूआर कोड चौघांना विकलेला असतो आणि दारावर पहिला पोचेल तो आत जातो. ज्या ॲपवर तिकीट निघालं, त्याच ॲपच्या अधिकृत पुनर्विक्रीतून घ्या. तिथे जुना कोड रद्द होऊन तुमच्या नावाने नवा निघतो. कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांत तिथे बरीच तिकिटं येतात, कारण बेत बदललेले लोक तेव्हाच विकायला काढतात.

दुसरी गोष्ट मागणीनुसार चढणाऱ्या दराची. हा कायदा पुनर्विक्रीला लागू होतो, पहिल्या विक्रीत आयोजकाने काय दर लावावा यावर त्याचा ताबा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात झालेल्या ओएसिस या ब्रिटिश रॉक गटाच्या दोन मैफलींची विक्री २०२४ मध्ये झाली, तेव्हा उभं राहण्याचं पावणेदोनशे युरोंच्या आसपासचं तिकीट रांगेत तासन्‌तास थांबलेल्यांपुढे चारशेच्या वर गेलं. त्यावर बराच गदारोळ झाला. रांगेत शिरण्याआधीच आपण जास्तीत जास्त किती देणार हे ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. पडद्यावर मिनिटांची उलटी गणती सुरू झाली की भलेभले वाहवत जातात.

जाहिरातीत 'परवान्याच्या अधीन' असं का लिहिलेलं असतं? कार्यक्रम रद्दही होतो का?

पाच हजार किंवा त्याहून जास्त प्रेक्षकांच्या खुल्या मैदानातल्या कार्यक्रमाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. तिकिटं मात्र परवाना मिळण्याआधीच विकायला निघतात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडलं की कसं बिघडतं, हे २०१४ मध्ये दिसलं. गार्थ ब्रूक्स या अमेरिकी गायकाच्या क्रोक पार्कच्या पाच रात्रींची सुमारे ४ लाख तिकिटं विकली गेली होती. आसपासच्या रहिवाशांचा विरोध होता आणि कौन्सिलने फक्त तीन रात्रींना परवानगी दिली. गायक म्हणाला, पाच नाही तर एकही नाही. सगळे पैसे परत करावे लागले. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने तिथेच पाच रात्री गाऊन तो हिशेब पुरा केला.

तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण विमान आणि हॉटेलचे मिळत नाहीत. परवाना जाहीर होईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांत काही घेऊ नका.

मोठ्या मैदानी मैफलींना जायचं-यायचं कसं?

डब्लिनचं क्रोक पार्क ८२ हजारांवर माणसं घेतं. तिथे चालत जावं आणि चालतच परतावं. शहराच्या मध्यापासून अर्ध्या तासाचं अंतर आहे, आणि मैफल सुटल्यावर बसची वाट पाहण्यात त्याहून जास्त वेळ जातो. मालाहाइड कॅसलला डार्ट ही लोकल गाडी जाते, मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. थ्री अरीना या मोठ्या बंद सभागृहासाठी लुआस या ट्रामच्या लाल मार्गाचं शेवटचं स्थानक, द पॉइंट. डब्लिनमध्ये लीप कार्ड या प्रवासाच्या कार्डवर ९० मिनिटांचा प्रवास २ युरोंत होतो, बस-लुआस-डार्ट बदलली तरी. गाडीने येऊन पार्किंग शोधण्यापेक्षा लीप कार्ड घेतलेलं कधीही परवडतं.

स्लेन कॅसलची गोष्ट निराळी. बॉइन नदीकाठच्या उतारावर ८० हजार माणसं मावतात. १९८१ मध्ये पहिल्या मैफलीत थिन लिझी मुख्य होते आणि त्यांच्याआधी गाणाऱ्यांत यूटू. तिथे दरवर्षी मैफल होतेच असं नाही. गावात रेल्वे नाही आणि डब्लिन सुमारे ५० किलोमीटरवर. आयोजकांच्या बसचं परतीचं तिकीट मैफलीच्या तिकिटाबरोबरच घ्या. बस उभ्या करायची जागा मैदानापासून बरीच चालून असते, आणि रात्री अंधारात एकसारख्या पन्नास बसमधून आपली ओळखायची तर उतरतानाच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

बॅगेचा नियम सगळीकडे सारखाच: ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. छत्रीही बहुतेक ठिकाणी अडवतात. टोपीचा रेनकोट घ्या. जूनमध्ये डब्लिनला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेनऊला मंचावरच्या दिव्यांचा काही प्रभाव पडत नाही. मैफल साडेदहा-अकराला आटोपते, म्हणजे रोषणाईचा खेळ जेमतेम अर्धा तास. बंद सभागृह की मैदान असा पर्याय मिळाला तर बेलाशक सभागृह घ्या.

इलेक्ट्रिक पिकनिकला तंबूत राहायचं म्हणजे काय काय लागतं?

लीश काउंटीतल्या स्ट्रॅडबॅलीला २००४ पासून हा महोत्सव भरतो. सुरुवात एका दिवसाने झाली. आता तीन दिवस आणि ७०-८० हजारांचा जमाव असतो. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरची सुरुवात या पट्ट्यात तारखा येतात. तिकिटं जवळजवळ वर्षभर आधी निघतात आणि लवकर संपतात.

तंबू घेताना पिशवीवरचा जलरोधाचा आकडा बघा, ३,००० मिलिमीटरच्या खालचा घेऊ नका. स्वस्त तंबूत पाणी छतातून कमी आणि तळाच्या शिवणीतून जास्त येतं, म्हणून आत जाड प्लॅस्टिक अंथरा. ते तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर बाहेर पडलेला पाऊस तेच आत ओढून आणतं. सोबतच्या काड्यांसारख्या खुंट्या वाऱ्यात उपटतात. सहा-आठ दणकट खुंट्या वेगळ्या घ्या आणि दोऱ्या पहिल्याच दिवशी ताणून बांधा, आभाळ कितीही निळं असलं तरी. रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं. अंगाखाली फोमची चटई नसेल तर स्लीपिंग बॅग कितीही चांगली असो, थंडी जमिनीतून वर येते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्याच. कानात घालायचे बोळे दोन कारणांसाठी: मंचाजवळ आणि पहाटे चारला शेजारच्या तंबूतल्या गाण्यासाठी. काचेची कुठलीही वस्तू दारावरच काढून घेतात. लोणच्याची बरणी न्यायची तर प्लॅस्टिकच्या डब्यात भरून न्या.

रेल्वेने यायचं तर पोर्टलीश स्थानक, पुढे बस. पाऊस झाल्यावर गाडी चिखलात रुतते आणि सोमवारी सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते. रविवारी रात्रीच निघायचं असेल तर गाडीने येऊच नका. मुलं न्यायची असतील तर वयाची अट वाचा: बारापर्यंतची मुलं पालकांबरोबर येऊ शकतात, पण तेरा ते सतरा वयाच्यांना तिथे सहसा प्रवेश नसतो.

पबमधल्या सेशनमध्ये कसं वागायचं असतं?

सेशन म्हणजे जाहीर मैफल नव्हे. एका टेबलाभोवती बसून वादक एकमेकांसाठी वाजवतात, गावातल्या भजनी मंडळासारखं: ऐकायला कोणीही बसावं, पण टाळ उचलायचा तर आधी ओळख हवी. पबने दोन-तीन वादकांना पैसे देऊन बसवलेलं असतं, बाकीचे आपणहून येतात.

दोन किंवा तीन धुनी न थांबता एकापाठोपाठ वाजतात, त्याला सेट म्हणतात. प्रत्येक धून साधारण तीन वेळा. धुनीचे दोन भाग, प्रत्येकी आठ मात्राखंडांचे, दोन्ही दोनदा वाजतात. तिसऱ्या फेरीच्या शेवटी कोणीतरी मान उचलतं किंवा 'हप' म्हणतं, आणि सगळे एका दमात पुढच्या धुनीत शिरतात. हा क्षण पकडायला लागलात की सेशन ऐकायला येऊ लागलं. धुनींच्या प्रकारांत रील चारच्या अंगाने चालते. जिगमध्ये सहा मात्रा तीन-तीनच्या, म्हणजे दादऱ्याच्या सवयीच्या कानाला ती चटकन पटते. पुढे स्लिप जिगमध्ये मात्रा नऊ होतात, तिथे मात्र हाताने ताल धरणारे हमखास चुकतात.

टाळ्या सेट संपल्यावर वाजवा, ठेका धरायला नको. पन्नास माणसांच्या टाळ्या पुढे पळतात आणि वादकांना एकमेकांचं ऐकू येईनासं होतं. टेबलाजवळची रिकामी खुर्ची रिकामी नसते, कोणीतरी वाद्य आणायला गेलेलं असतं. कोणी एकटं, साथीशिवाय गाऊ लागलं तर पूर्ण शांत बसा, ग्लाससुद्धा मागवू नका. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. बौरान हा हातात धरायचा डफ आणि गिटार एका वेळी एकच असावी असा संकेत आहे. आधीच कोणी वाजवत असेल तर तुमचं वाद्य पिशवीतच राहू द्या. वादकांना नोटा देऊ नका. आभार मानायचेच तर बारवर जाऊन त्यांच्यासाठी पेय सांगा. तुम्ही पीत नसाल तर चहा किंवा बिनअल्कोहोलची बीअर घेऊन बसलात तरी कोणी भुवया उंचावत नाही. काहीच न घेता तीन तास बसणं मात्र बरं दिसत नाही.

डब्लिनला स्मिथफील्डमधला कॉबलस्टोन हा पहिला पत्ता. २०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि कौन्सिलने परवानगी नाकारली. गॉलवेत टिग कोली आणि क्रेन बार, क्लेअरमधल्या डूलिन गावात ओकॉनर्स आणि मॅकगॅन्स. रात्रीची सेशनं नऊ-साडेनऊला सुरू होतात. पब सोमवार ते गुरुवार साडेअकराला, शुक्रवार-शनिवारी साडेबाराला, रविवारी अकराला बंद होतात. उशिराचा परवाना असेल तर वेगळं.

मुलांना घेऊन पबमध्ये जाता येतं का?

पंधरा वर्षांखालची मुलं पालकांबरोबर रात्री नऊपर्यंत थांबू शकतात, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. पंधरा ते सतरा वयाच्यांनाही हीच वेळ. घड्याळात ती वेळ झाली की बारवरचा माणूस येऊन नम्रपणे उठवतो. त्यात वाद घालण्यात अर्थ नाही, परवाना त्याचा जातो. सेशन नऊला सुरू होणार म्हणजे मुलांना ते फारसं मिळणार नाही. त्यांच्यासाठी रविवार दुपारची सेशनं शोधा, नाहीतर ऑगस्टमधला फ्ला हा मेळा गाठा.

फ्ला म्हणजे काय? बेलफास्टला जायला व्हिसा लागतो का?

फ्ला क्योल ना हेरन हा पारंपरिक संगीताचा देशातला सर्वांत मोठा मेळा. कोल्तस या संस्थेने १९५१ मध्ये मलिंगरला सुरू केला. दर ऑगस्टमध्ये आठवडाभर एकेका गावी भरतो. काउंटी आणि प्रांत पातळीवर निवडून आलेले स्पर्धक दिवसभर शाळांच्या वर्गांत वाजवतात. पाहण्याजोगं मात्र रस्त्यावर असतं, आणि ते फुकट असतं: दहा वर्षांची मुलं दुकानाच्या पायरीवर बसून कॉन्सर्टिना ही छोटी हातपेटी वाजवताहेत, असं दृश्य कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतं. २०२४ आणि २०२५ ला यजमान वेक्सफर्ड होतं. २०२६ साठी बेलफास्टची निवड झाली.

इथेच आपल्या लोकांची गल्लत होते. बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये येतं. डब्लिनहून आगगाडी साधारण दोन तासांत पोचवते, वाटेत नाका दिसत नाही, म्हणून परवानगी लागत नाही असा समज होतो. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना, आयरिश रेसिडेन्स परमिट असलं तरी, ब्रिटनचा व्हिसा लागतो. भारतातून फिरायला येणाऱ्यांना ब्रिटिश-आयरिश योजनेतून एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, पण व्हिसावर 'बीआयव्हीएस' ही अक्षरं छापलेली हवीत आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायला हवं. आयरिश पासपोर्ट असेल तर हा प्रश्नच येत नाही.

शिकायची हौस असेल तर फ्लापेक्षा क्लेअरमधल्या मिलटाउन मॉलबेची विली क्लॅन्सी समर स्कूल बरी. १९७३ पासून जुलैच्या पहिल्या शनिवारपासून नऊ दिवस. सकाळी वर्ग, रात्री पबमध्ये सेशन. गाव छोटं, त्यामुळे खोल्यांचा प्रश्न इथे सर्वांत बिकट.

बासरी येते. टिन व्हिसल (पत्र्याची उभी बासरी) किंवा आयरिश फ्लूट जमेल का?

लवकर जमेल, पण एक सवय मोडावी लागेल. आपण वरची तीन छिद्रं बंद करून सा धरतो. सेशनमधली नेहमीची व्हिसल डीची, म्हणजे पांढरी दोनची, आणि तिथे सहाही छिद्रं बंद केली की मूळ स्वर. तीन बंद ठेवून सुरू केलंत तर तुम्ही जीमध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये असता आणि बाकीचे डीमध्ये. कानाला कळतं की काहीतरी बिनसलंय, पण बोटांना कळत नाही.

गंमत अशी की बऱ्याचशा धुनी जीमध्येही असतात आणि तिथे तुमची जुनी सवय जशीच्या तशी चालते. सगळी छिद्रं उघडी म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमाला आपण पहिलं छिद्र अर्धं झाकतो, व्हिसलवर ते जलद रीलमध्ये साधत नाही. म्हणून पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद असं धरतात. घरी पांढरी पाचची बासरी असेल तर तिचा तळाचा स्वर डीच असतो, तीच काढून सराव करा. मींड मात्र आवरा. इथे स्वर सजवतात ते बोटाच्या झटक्याने, स्वरावरून घसरून नव्हे. डीची साधी व्हिसल दहा-पंधरा युरोंत मिळते. कोल्तसच्या शाखांचे वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात.

छोट्या सभागृहांत कोणती चांगली?

डब्लिनमध्ये वेक्सफर्ड स्ट्रीटवरचं व्हेलन्स, १९८९ पासूनचं. नवा कलाकार पहिल्यांदा इथेच दिसतो. गॉलवेला रोशीन डव, लिमरिकला डोलन्स, कॉर्कला सायप्रस ॲव्हेन्यू, डन्डॉकला स्पिरिट स्टोअर. यांच्या वेबसाइटवर नाव नोंदवा आणि येणारी ईमेल-पत्रं वाचा. पंधरा-वीस युरोंत जो गट हाताच्या अंतरावर दिसतो, तोच दोन वर्षांनी थ्री अरीनात मोठ्या पडद्यावर पाहावा लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डब्लिनला आयर्लंड म्युझिक वीक असतो. त्यात निवडक नवे गट अर्ध्या-अर्ध्या तासाचे कार्यक्रम करतात. वर्षभराची यादी बनवायला याहून सोयीचं काही नाही.

डिंगलच्या चर्चमधल्या मैफलीचं तिकीट कुठे मिळतं?

विकत मिळत नाही. अदर व्हॉइसेस ही टीव्हीवरची संगीत मालिका केरीतल्या डिंगलच्या सेंट जेम्स चर्चमध्ये नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला चित्रित होते. आत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी माणसं मावतात. प्रवेश सोडतीने आणि स्पर्धांमधून. २००६ मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस इथेच गायली होती. गावातल्या पबमध्ये त्याच दिवसांत इतर कलाकारांचे कार्यक्रम होतात, त्यांचा मनगटी पट्टा मात्र विकत मिळतो. चर्चमधलं गाणं गावात पडद्यावर आणि इंटरनेटवर फुकट दाखवतात. सोडत लागेल या आशेवर केरीला जाऊ नका, पबमधल्या कार्यक्रमांसाठी जा.

एकच वर्ष नीट समजून घ्यायचं तर कोणतं?

२०२३. मार्चमध्ये चॉइसच्या सोहळ्यात गायिका शिनेड ओकॉनरला तिच्या १९९० च्या अल्बमसाठी पहिला 'अभिजात आयरिश अल्बम' पुरस्कार मिळाला. तो तिने आयर्लंडमधल्या निर्वासितांना अर्पण केला. २६ जुलैला ती गेली. ८ ऑगस्टला ब्रेच्या समुद्रकिनाऱ्यावर हजारो लोक तिच्या अंत्ययात्रेसाठी उभे होते. त्याआधी जूनमध्ये अस्लन या रॉक गटाचा गायक क्रिस्टी डिग्नम गेला होता. ३० नोव्हेंबरला पोग्स या गटाचा गायक शेन मॅकगॉवन. ८ डिसेंबरला नीना गावच्या चर्चमध्ये त्याचं १९८७ चं नाताळचं गाणं गायलं गेलं आणि माणसं बाकांमधल्या वाटेत नाचली. त्याच वर्षी यूटूने लास वेगासच्या स्फिअर सभागृहात मैफलींचा मुक्काम ठोकला, आणि लँकमने जुन्या लोकगीतांना इतका जड, घुमणारा आवाज दिला की पुढच्या मार्चचं चॉइस त्यांचंच ठरलं. जुनं आणि नवं इतकं जवळजवळ एरवी दिसत नाही.

एवढ्याशा देशात कलाकारांचं भागतं कसं?

बहुतेकांचं कष्टानेच. संगीतरचनेच्या वर्षाला ५०,००० युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकराची सूट मिळू शकते, मंचावर वाजवून मिळालेल्या पैशांवर नाही. २०२२ मध्ये सरकारने प्रायोगिक मूळ उत्पन्न योजना आणली: अर्जदारांतून सोडतीने निवडलेल्या २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो. डब्लिनमध्ये त्यात भाडंही धड निघत नव्हतं, पण हॉटेलातली पाळी सोडून तालमीला वेळ काढता यायचा.

विद्यार्थी व्हिसावर ग्राफ्टन स्ट्रीटवर वाजवता येईल का?

डब्लिन कौन्सिलचा परवाना लागतो आणि ॲम्प्लिफायर लावायचा तर त्याची वेगळी परवानगी. पण अडचण तिथे नाही. स्टॅम्प २ या विद्यार्थ्यांच्या परवान्यावर नोकरीच्या तासांची मुभा आहे, स्वयंरोजगाराची नाही, आणि वाद्याच्या पेटीत लोकांनी टाकलेले पैसे नोकरीत बसत नाहीत. त्यापायी व्हिसा धोक्यात घालू नका. वाजवायची हौस सेशनमध्ये भागवा.

नाताळात काय बघावं?

२४ डिसेंबरला ग्राफ्टन स्ट्रीटच्या परिसरात गायक ग्लेन हॅन्सार्ड आणि मंडळी बेघरांसाठी काम करणाऱ्या सायमन कम्युनिटीकरता गातात, यूटूचा बोनोही अनेकदा आला आहे. मात्र त्या रात्री बस-लुआस आठ-नऊच्या सुमारास थांबतात आणि २५ तारखेला सार्वजनिक वाहतूक पूर्ण बंद असते. चालत घरी जाता येईल इतक्या अंतरावर राहत असाल तरच जा.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

महोत्सवात हो, फलाफल आणि पिझ्झा सगळीकडे. गावातल्या चिप्सच्या दुकानात मात्र विचारा, काही ठिकाणी बटाटे गोमांसाच्या चरबीत तळतात. पबमधलं भाज्यांचं सूपही कधीकधी कोंबडीच्या रश्श्यात केलेलं असतं. रात्री साडेनऊनंतर बहुतेक पबची स्वयंपाकघरं बंद असतात, तेव्हा सेशनला जेवूनच जा.